सुपरकारला विजेची जोड

जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये चांदीचे दोन प्रचंड रांजण ठेवलेले आहेत. प्रत्येकाचे वजन सुमारे ३४५ किलो आणि प्रत्येकात जवळजवळ चार हजार लिटर पाणी मावते. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभासाठी महाराजा सवाई माधोसिंह (दुसरे) इंग्लंडला निघाले, तेव्हा परमुलखातले पाणी प्यावे लागू नये म्हणून त्यांनी अशा रांजणांतून गंगाजल सोबत नेले. जहाज मोठे होते. त्याला ते ओझे पेलले. मात्र जी वस्तू वजनाचा एकेक किलो मोजून घडविली जाते, जिचे सारे वैभव हलकेपणात आणि चपळाईत असते, तिच्यावर शक्तीचे दोन-दोन साठे लादणे शहाणपणाचे ठरेल काय? गेली काही वर्षे जगातील सर्वांत वेगवान आणि सर्वांत महागड्या मोटारींच्या बाबतीत हाच वाद चालू आहे. पेट्रोलचे इंजिन आहेच. त्याच्या जोडीला बॅटरी आणि विजेची मोटरही हवी काय?

प्रश्न श्रीमंतांच्या खेळण्यांचा आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे वाचकांपैकी काहींच्या मनात येईल. तो संबंध आहे. ज्या तंत्राचा वाद तेथे चालू आहे, तेच तंत्र टोयोटा इनोव्हा हायक्रॉस, होंडा सिटी किंवा मारुती ग्रँड व्हिटारा या मोटारींच्या रूपाने २०२२ पासून आपल्या वाहनकर्जाच्या अर्जांवर येऊन पोहोचले आहे. शिवाय या कथेत मुंबई आणि पुणे यांचा वाटा पुष्कळांना वाटतो त्याहून बराच मोठा आहे.

ज्वारीपासून मोटारीपर्यंत

‘हायब्रीड’ हा शब्द मराठी माणसाला मोटारीने शिकविलेला नाही. तो ज्वारीने शिकविला. १९६४ मध्ये ‘सीएसएच-१’ हे संकरित ज्वारीचे वाण आले आणि काही वर्षांतच ‘हायब्रीड’ हा शब्द महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत रुळला. उतारा दुणावला, कोठारे भरली. पण जुनी माणसे भाकरीचा तुकडा मोडताना म्हणत, ‘पीक दांडगं, पण चव नाही.’ सुपरकारच्या शौकिनांची तक्रार नेमकी याच जातीची आहे. हायब्रीड मोटार अधिक वेगाने धावते हे ते नाकारीत नाहीत. तिला चव नाही, असे ते म्हणतात. बारा सिलिंडरांच्या इंजिनाचा चढत जाणारा स्वर, पायाच्या दाबाला मिळणारा तात्काळ प्रतिसाद, वळणावर हलकेपणाने झुकणारी काया हे सारे बॅटरीच्या वजनाखाली दबून जाते, असा त्यांचा दावा आहे. ही तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही. कोट्यवधी रुपये मोजणारा ग्राहक एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचण्यासाठी ते मोजीत नसतो. तो त्या चवीचेच पैसे देत असतो.

कल्पना म्हणून संकरित मोटार जुनीच आहे. फर्डिनांड पोर्शे या तरुण अभियंत्याने १९०० मध्येच ‘सेम्पर व्हिवस’ नावाची मोटार सिद्ध केली होती. तिच्यात पेट्रोलचे इंजिन वीज निर्माण करी आणि चाकांतील मोटरी त्या विजेवर फिरत. पुढे पेट्रोल स्वस्त झाले, इंजिने सुधारली, बॅटरी मात्र जड आणि अशक्तच राहिली. त्यामुळे ही कल्पना मागे पडली. ती पुन्हा बाजारात आली ती १९९७ मध्ये, टोयोटाच्या ‘प्रियस’च्या रूपाने, आणि तीही काटकसरी कुटुंबासाठी. एरवी तंत्र शर्यतीच्या मैदानावरून सामान्यांच्या मोटारीत झिरपते, असे म्हणतात. येथे गंगा उलटी वाहिली. प्रापंचिक माणसाची काटकसर काही वर्षांनी धनिकांच्या वेगाची चूष बनली.

घाटातला ‘खेकडा’

या तंत्राचे मर्म समजून घेण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही; खंडाळ्याचा घाट पुरेसा आहे. १९२८ च्या सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने बोरघाट आणि थळघाट येथील मालगाड्यांसाठी विजेची इंजिने आणली. त्यांच्या चालण्यावरून आणि कण्हल्यासारख्या आवाजावरून रेल्वे कर्मचाऱ्यांनी त्यांना ‘खेकडा’ हे नाव ठेवले. घाटाचा चढ ३७ फुटांमागे एक फूट, म्हणजे आगगाडीच्या दृष्टीने भयंकरच. चढताना हे इंजिन तारेतून वीज घेई. उतरताना मात्र त्याच्या मोटरी उलट्या अर्थाने राबत. गाडीचे वजन त्यांना फिरवी, त्या वीज निर्माण करीत, गाडीचा वेग आवरला जाई आणि निर्माण झालेली वीज तारेत परत जाऊन दुसऱ्या गाडीच्या उपयोगी पडे. या मालिकेतील ‘सर लेस्ली विल्सन’ हे इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आजही पाहावयास मिळते. जयपूरहून दिल्लीला जाणाऱ्या वाचकांनी तेथे अवश्य डोकवावे.

हायब्रीड मोटार हेच करते. फक्त वीज तारेत न जाता तिच्याच बॅटरीत जमा होते. बँकेच्या वाचकांना हे चटकन उमजेल. ब्रेक लावून वेग उष्णतेच्या रूपाने उधळून टाकणे हा निव्वळ खर्च आणि तोच वेग विजेच्या रूपाने साठविणे ही खात्यातील जमा.

जमा किती होते, याचा हिशेब मनोरंजक आहे. दीड टनाची मोटार ताशी १०० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर तिच्या गतीत साठलेली ऊर्जा सुमारे ०.१६ युनिट, म्हणजे आपल्या वीजबिलावरच्या एका युनिटचा जेमतेम सहावा भाग असते. वेग तिप्पट, ताशी ३०० किलोमीटर झाला की ऊर्जा नऊपट होते आणि ती सुमारे दीड युनिटापर्यंत जाते. ही सगळी वीज परत मिळाली असती तर प्रश्नच नव्हता. परंतु ताशी ३०० वरून करकचून ब्रेक दाबला, तर त्या क्षणी चाकांवर हजार किलोवॉटहून अधिक शक्ती शोषून घ्यावी लागते. शे-दीडशे किलोवॉटची मोटर त्यातील दशांश-अष्टमांश घेते आणि उरलेले सारे ब्रेकच्या तबकड्यांत जळून जाते. म्हणून ‘ब्रेकमधून फुकट वीज’ हे जाहिरातीतील वाक्य सुपरकारच्या बाबतीत फार तर अर्धसत्य मानावे. शहरातील रहदारीत, जेथे ब्रेक हलके आणि वारंवार लागतात, तेथे ते पुष्कळ खरे ठरते. जयपूरच्या जौहरी बाजारात किंवा पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर साध्या हायब्रीड मोटारीचे इंधन वाचते, त्याचे कारण हेच.

मग सुपरकारमध्ये विजेची मोटर कशासाठी? उत्तर इंधनात नाही. ते प्रतिसादात आहे. पेट्रोलच्या इंजिनाला जोर येण्यासाठी आधी फेरे वाढावे लागतात. टर्बोचार्जर असेल तर पाय दाबल्यापासून जोर चाकापर्यंत पोहोचेतो क्षणभराची खोट राहतेच. विजेची मोटर शून्य फेऱ्यांपासून पूर्ण जोर देते. ती खोट मोटर भरून काढते आणि मग अभियंत्याला मोठा टर्बो लावण्याची मोकळीक मिळते. शिवाय पुढच्या दोन चाकांना दोन स्वतंत्र मोटरी लावल्या, तर वळणावर आतल्या व बाहेरच्या चाकाला निरनिराळा जोर देऊन मोटार नेमकी वळविता येते. हे काम कोणत्याही गिअरपेटीला इतक्या चपळाईने जमत नाही.

काटकसरीचा मुद्दा येथे किती गौण आहे, हे एका उदाहरणावरून लक्षात येईल. २०२३ मध्ये आलेल्या लॅम्बोर्गिनी ‘रेव्हुएल्टो’मध्ये बारा सिलिंडरांचे इंजिन आणि तीन विजेच्या मोटरी मिळून १,०१५ अश्वशक्ती आहे. भारतात आली तेव्हा तिची शोरूममधील किंमत पावणेनऊ कोटींच्या वर होती. तिची बॅटरी मात्र ३.८ युनिटांची, म्हणजे घरगुती दराने ती पूर्ण भरायला तीस-पस्तीस रुपयांची वीज पुरे! ही बॅटरी पेट्रोल वाचविण्यासाठी बसविलेली नाही, हे सांगायला तज्ज्ञाची आवश्यकता नाही.

शर्यतीपासून रस्त्यापर्यंत

२००९ मध्ये फॉर्म्युला वन शर्यतीत ब्रेकमधील ऊर्जा साठवून पुन्हा वापरण्याची परवानगी मिळाली. प्रत्येक फेरीत सुमारे साडेसहा सेकंद ऐंशी अश्वशक्तीची भर घालता येई. यंत्रणा जड आणि लहरी होती. अनेक संघांनी ती काढूनही टाकली. तरीही त्याच वर्षी हंगेरीत लुइस हॅमिल्टनने ती वापरून शर्यत जिंकली. २०१३ साली रस्त्यावर धावणाऱ्या तीन मोटारी जवळपास एकाच वेळी अवतरल्या: पोर्शे ‘९१८ स्पायडर’ (८८७ अश्वशक्ती), मॅक्लारेन ‘पी वन’ (९१६) आणि ‘लाफेरारी’ (९६३). त्यांतील पोर्शेने जर्मनीतील नुरबर्गरिंगचा २०.६ किलोमीटरचा फेरा सहा मिनिटे सत्तावन्न सेकंदांत पुरा केला. जगभर रस्त्यावर चालविण्याची मान्यता असलेल्या मोटारीने सात मिनिटांच्या आत तेथे येण्याची ती पहिलीच वेळ. वेगाच्या प्रांतातील वाद त्या दिवशी बहुतांशी मिटला. चवीचा वाद मात्र तेव्हाच सुरू झाला.

या संदर्भात सचिन तेंडुलकर यांच्या दोन मोटारींची तुलना उद्बोधक आहे. २००२ मध्ये त्यांना मिळालेल्या फेरारी ‘३६० मोडेना’त ३.६ लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन होते. शून्यापासून ताशी १०० किलोमीटर गाठायला तिला सुमारे साडेचार सेकंद लागत. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईत त्यांच्याच हस्ते बीएमडब्ल्यू ‘आय एट’ या हायब्रीड मोटारीचे भारतातील अनावरण झाले. तिचे इंजिन अवघे दीड लिटरचे, तीन सिलिंडरांचे. विजेच्या मोटरीच्या साथीने तीच मजल तिने ४.४ सेकंदांत गाठली. तेरा वर्षांत इंजिन निम्म्याहून लहान झाले आणि वेग तसूभरही घटला नाही. पण रस्त्यावरून जाताना दोहोंपैकी कोणत्या मोटारीच्या आवाजाने माणसे वळून पाहतील, हा प्रश्न विचारला तर उत्तर फेरारीच्या बाजूनेच येईल.

मुंबईची तीन उत्तरे

टाटा मोटर्सने २००८ मध्ये जग्वार आणि लँड रोव्हर या कंपन्या २.३ अब्ज डॉलरना विकत घेतल्या. दोनच वर्षांनी, २०१० च्या पॅरिस प्रदर्शनात, जग्वारने ‘सी-एक्स ७५’ ही मोटार मांडली. जग्वार या नावाला ७५ वर्षे झाली होती, त्याचे ते निमित्त. चारही चाकांना प्रत्येकी १९५ अश्वशक्तीची एकेक विजेची मोटर आणि वीज निर्माण करण्यासाठी दोन चिमुकली गॅस टर्बाइने, असा तिचा थाट होता. ही टर्बाइने मिनिटाला ८०,००० फेरे घेत. चाकांशी त्यांचा थेट संबंध नव्हता. केवळ विजेवर ११० किलोमीटर आणि टाकीतील इंधन धरून ९०० किलोमीटर अशी तिची मजल सांगितली गेली. टर्बाइन बनविणाऱ्या ‘ब्लेडन जेट्स’ या कंपनीत टाटांनी हिस्साही घेतला.

प्रदर्शनातील स्वप्न रस्त्यावर आणताना मात्र टर्बाइन बाजूला ठेवावे लागले. २०११ मध्ये विल्यम्स या फॉर्म्युला वन संघाच्या साहाय्याने २५० मोटारी बनविण्याची घोषणा झाली, तेव्हा टर्बाइनच्या जागी १.६ लिटरचे, चार सिलिंडरांचे, सुमारे ५०० अश्वशक्तीचे इंजिन आले आणि त्याला विजेच्या मोटरींची साथ मिळाली. नमुने तयार झाले, ते धावलेही. आणि डिसेंबर २०१२ मध्ये जागतिक आर्थिक परिस्थितीचे कारण देऊन कंपनीने प्रकल्प थांबविला. वाईट वाटते ते एवढ्याचसाठी की पुढच्याच वर्षी वर उल्लेखिलेल्या तीन मोटारी आल्या आणि बाजार तयार असल्याचे सिद्ध झाले. ‘सी-एक्स ७५’ लोकांना दिसली ती २०१५ च्या ‘स्पेक्टर’ या जेम्स बाँडपटात, खलपुरुषाची मोटार म्हणून. त्यातही गंमत अशी, की पाठलागाच्या दृश्यांसाठी बनविलेल्या गाड्यांत हायब्रीड यंत्रणा नव्हतीच. त्यांत साधे आठ सिलिंडरांचे इंजिन होते. चित्रीकरणात मोटार दिवसभर आपटायची असेल तर जे कोणत्याही गॅरेजात दुरुस्त होते तेच बरे, हा व्यवहार तेथील मंडळींनी ओळखला असावा.

याच २०१० साली पुण्यात अगदी दुसऱ्या टोकाचा प्रयत्न चालू होता, तो सांगितल्याविना पुढे जाणे अन्यायाचे होईल. केपीआयटी आणि भारत फोर्ज यांनी मिळून ‘रिव्होलो’ नावाचा संच जाहीर केला. रस्त्यावर धावत असलेल्या साध्या मोटारीला बॅटरी आणि मोटर जोडून तिचे हायब्रीडमध्ये रूपांतर करावे, ही त्यामागची कल्पना. ती बाजारात रुजली नाही. तरीही एकाच वर्षी, एकाच तंत्राचा, एक प्रयोग लक्षाधीशाच्या आणि दुसरा मध्यमवर्गीयाच्या मोटारीसाठी व्हावा आणि दोन्हींच्या मुळाशी महाराष्ट्रातील उद्योग असावेत, याची नोंद ठेवायला हवी.

दुसरे उत्तर चंकी वझिरानी यांच्या मुंबईतील लहानशा कंपनीचे. २०१८ मध्ये इंग्लंडमधील गुडवुडच्या वेगोत्सवात त्यांनी ‘शुल’ ही मोटार दाखविली. तीतही टर्बाइनवर वीज निर्माण करण्याची योजना होती. २०२१ मध्ये त्यांनी ‘एकोंक’ सादर केली तेव्हा टर्बाइन गेले होते, पेट्रोलही गेले होते आणि मोटार पूर्णपणे विजेची झाली होती. आसन एकच आणि वजन अवघे ७३८ किलो. बॅटरी थंड ठेवण्यासाठी पाण्याच्या नळ्या आणि पंप यांचा पसारा न ठेवता थेट हवेचा उपयोग करून हे वजन साधले, असे कंपनीने सांगितले. वजनाचा शत्रू वजन कमी करूनच जिंकायचा, हा त्यामागचा विचार मला सर्वांत अस्सल वाटतो. ही मोटार एकट्यानेच चालवायची, एवढी अट मान्य असली म्हणजे झाले!

तिसरे उत्तर महिंद्रांचे. २०१५ मध्ये त्यांनी पिनिनफारिना ही इटलीची ख्यातनाम आरेखन संस्था घेतली आणि २०१९ च्या जिनिव्हा प्रदर्शनात त्यांच्या ‘ऑटोमोबिली पिनिनफारिना’ने ‘बॅटिस्टा’ ही संपूर्ण विजेची मोटार आणली. १,९०० अश्वशक्ती, १२० युनिटांची बॅटरी, जास्तीत जास्त १५० मोटारी. तिची विद्युत यंत्रणा क्रोएशियाच्या रिमाक कंपनीची आहे. २०२३ मध्ये ही मोटार मध्य प्रदेशातील पीथमपूरच्या ‘नॅट्रॅक्स’ या ११.३ किलोमीटरच्या चाचणी मार्गावर आली आणि नारायण कार्तिकेयन यांनी तिला ताशी ३५८ किलोमीटरपर्यंत नेले. पीथमपूर हे धार जिल्ह्यात, म्हणजे पवारांच्या जुन्या संस्थानात येते. ज्या माळव्यावरून मराठ्यांचे घोडदळ उत्तरेकडे जात असे, तेथेच भारतातील वेगाच्या आधुनिक चाचण्या व्हाव्यात, हा योगायोग इतिहासप्रेमी वाचकांना आवडेल.

परंतु वजनाचे काय? ‘बॅटिस्टा’चे वजन दोन टनांहून अधिक आहे. पेट्रोलच्या एका किलोत सुमारे १२ युनिट ऊर्जा असते. बॅटरीच्या एका किलोत, बाहेरची पेटी धरून, एका युनिटचा पाचवा-सहावा भाग. इंजिन बरीच ऊर्जा वाया घालविते आणि मोटर फारशी घालवीत नाही, ही सवलत दिली तरी किलोमागे वीसेक पटीचा फरक उरतो. सरळ रस्त्यावर प्रचंड शक्तीने तो झाकता येतो. घाटातील वळणावर आणि ब्रेक लावताना तो झाकला जात नाही.

म्हणूनच पुढे जे घडले ते बोलके आहे. मेट रिमाक यांनीच २०२४ मध्ये सांगितले, की अतिवेगवान विजेच्या मोटारींना अपेक्षेएवढी मागणी नाही. या वर्गातील ग्राहकाला इंजिनच हवे आहे. ज्या माणसाने जगाला विजेची सुपरकार शिकविली, त्याच्याच हाती बुगाटीची सूत्रे आल्यावर त्या वर्षी आलेल्या ‘तूर्बियाँ’ या मोटारीत टर्बोविरहित सोळा सिलिंडरांचे ८.३ लिटरचे इंजिन बसले. त्याच्या सोबतीला तीन विजेच्या मोटरी आणि २५ युनिटांची बॅटरी आली. एकूण शक्ती १,८०० अश्वशक्ती. येथे मोटरींनी एक अनपेक्षित काम केले. खालच्या फेऱ्यांतील जोर त्यांनी उचलल्यामुळे इंजिनाला टर्बोची गरज उरली नाही आणि हरवत चाललेला नैसर्गिक स्वर परत आला. हायब्रीडने चव घालविली, असे म्हणणाऱ्यांना याहून समर्पक उत्तर मिळणे कठीण.

माझे मत विचाराल तर, सुपरकारमध्ये हायब्रीड तंत्राला जागा आहे. मात्र बॅटरी लहान असली पाहिजे आणि तिने आपल्या वजनाचे मोल वळणावर चुकविले पाहिजे. केवळ कागदावरील अश्वशक्तीचा आकडा फुगविण्यासाठी बसविलेली बॅटरी ही शोभेची, आणि महाग, वस्तू होय.

जयपूरचे ऊन, जयपूरचे रस्ते

जयपूरसारख्या शहरात या मोटारींची परीक्षा निराळीच होते. लिथियमच्या बॅटरीला साधारणतः तेच हवामान मानवते जे माणसाला मानवते. वैशाख-ज्येष्ठात येथे पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा तिला थंड ठेवण्यासाठी खास यंत्रणा राबवावी लागते आणि उन्हात उभ्या राहिलेल्या मोटारीच्या बॅटरीचे आयुष्य हळूहळू झिजते. दुसऱ्या बाजूने पाहता, जुन्या परकोट्यात, हवामहलच्या पुढून रहदारीत सरकताना हीच मोटार इंजिन बंद ठेवून नि:शब्दपणे जाऊ शकते. २०१९ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळालेल्या या गुलाबी नगरीला ते खचितच सोसवणारे आहे. १२ फेब्रुवारी २०२३ रोजी दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाच्या सोहना ते दौसा या २४६ किलोमीटरच्या टप्प्याचे उद्घाटन झाले आणि जयपूरच्या उंबरठ्याशी उत्तम रस्ता आला. त्यावर वेगाची मर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. तेवढा वेग ‘रेव्हुएल्टो’ चार सेकंदांच्या आतच गाठते. उरलेल्या प्रवासात तिच्या मालकाने काय करावे, हा प्रश्न आम्ही त्याच्यावरच सोपवितो.

पण जयपूरने या वादात उभा केलेला खरा प्रश्न उन्हाचाही नाही आणि रस्त्याचाही नाही. येथे जुन्या मोटारींचे मेळावे भरतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील, संस्थानिकांच्या पागांतून वारसाने आलेल्या मोटारी स्वत:च्या इंजिनावर धावत येतात आणि लहान मुलांपासून आजोबांपर्यंत सारे त्यांच्याभोवती गर्दी करतात. ऐंशी-नव्वद वर्षांची यंत्रे आजही का चालतात? कारण त्यांतील प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि हाताला कळतो. पिस्टन झिजला तर लेथवर नवा घडविता येतो, पितळी बुश ओतता येते, कार्ब्युरेटर उघडून साफ करता येतो. कंपनी कधीच बुडालेली असते, नकाशे हरवलेले असतात. पण पिढीजात कसब असलेला मिस्त्री भागाकडे पाहून तो कसा असायला हवा हे ओळखतो. रत्नांना पैलू पाडणाऱ्यांच्या या शहरात अशा हातांची वाण कधीच नव्हती.

हायब्रीड सुपरकारला हे भाग्य लाभेल काय? तिची बॅटरी वापरली तरी झिजते आणि नुसती उभी ठेवली तरी झिजते. विशिष्ट मापाच्या, विशिष्ट रसायनाच्या त्या पेट्या काही शे मोटारींपुरत्याच बनविलेल्या असतात. तीन मोटरी आणि इंजिन यांच्यात कोणी केव्हा किती जोर द्यायचा, हे ठरविणारे सॉफ्टवेअर कुलूपबंद असते. ते लेथवर घडविता येत नाही. लाफेरारीच्या ४९९ आणि ‘पी वन’च्या ३७५ मोटारी ज्यांनी संग्रहासाठी घेतल्या, त्यांच्या दृष्टीने हा तांत्रिक तपशील नाही, ती गुंतवणुकीच्या टिकाऊपणाची बाब आहे. सोने शंभर वर्षे तिजोरीत पडले तरी सोनेच राहते. बॅटरीचे तसे नाही.

कंपन्यांनाही याची जाणीव झालेली दिसते. २०२४ मध्ये फेरारीने आपल्या हायब्रीड मोटारींसाठी वाढीव हमीची योजना आणली. वार्षिक रक्कम भरीत राहणाऱ्या मालकाला आठव्या आणि पुन्हा सोळाव्या वर्षी नवी बॅटरी बसवून मिळावी, अशी तीत तरतूद आहे. साध्या हायब्रीड मोटारीसाठी कर्ज घेऊ इच्छिणाऱ्या आपल्या ग्राहकांनीही विक्रेत्याला हाच प्रश्न विचारावा: बॅटरीची हमी किती वर्षांची आणि किती किलोमीटरची, मोटार दुसऱ्याला विकली तर ती हमी नव्या मालकाकडे जाते काय, आणि हमी संपल्यावर नव्या बॅटरीची आजची किंमत काय? उत्तरे लेखी घ्यावीत आणि कर्जाच्या मुदतीशी ताडून पाहावीत.

२०१३ सालच्या त्या तीन मोटारींपैकी एखादी २०९० मध्ये जयपूरच्या मेळाव्यात आली, तर तिच्यातील बॅटरी मूळची नसेल हे निश्चित. त्या पेटीत तेव्हाचे कोणते रसायन असेल, तिचे मापाने बेतलेले घर कोणी घडविलेले असेल आणि इंजिनाशी तिचा संवाद कोणी नव्याने लिहिलेला असेल, हे शिकणारी मुले आज कदाचित येथल्याच एखाद्या आयटीआयमध्ये ई-रिक्षाची बॅटरी उघडून बसली असतील.